सत्तर टन आणि ठकीची आई

४ फेब्रुवारी

जावईबापूंना आशीर्वाद आणि सोबत एक शंका,

सासूचं पत्र आलेलं पाहून दचकू नका. फोन केला असता, पण माझ्या कानांची दशा तुम्ही लग्नात पाहिलीच आहे. सगळी नोकरी तरणतलावावर गेली. त्या घुमणाऱ्या छपराखाली शिट्ट्या, किंकाळ्या, आणि वर कानात पाणी. आता फोनवरचं निम्मं ऐकू येतं, निम्मं मी मनानेच जुळवते. परवा ठकी सांगत होती, "पडदे लावले," आणि मी ऐकलं, "पडले, लागलं." बराच वेळ मी तिला हळद लाव, पाय उंच ठेव, असं सांगत बसले.

तर शंका अशी. तुम्हा दोघांना विमानतळावर सोडलं आणि मी घरी न जाता वरच्या मोठ्या काचेशी जाऊन उभी राहिले. विमान इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पाहत होते. आधी ते बदकासारखं डुलत डुलत टोकाला गेलं. मग वळलं, धावलं आणि जमीन सोडून वर गेलं.  शेजारी एक बाई काच पुसत होती. तिला विचारलं, "केवढं वजन असेल हो याचं?" ती म्हणाली, "ताई, मी बोटांचे डाग पुसते, वजनाचं वरच्यांना विचारा." ठकीला विचारलं तेव्हा तिने सांगितलं, सत्तर टन.

पाण्याचं मला कळतं. अंग सैल सोडलं की पाणी माणसाला धरतं, हे मी हजारो पोरांना शिकवलंय. पण हवा कशी धरेल? हवेत साधा रुमाल सोडला तरी खाली पडतो. मग सत्तर टन का पडत नाही? तुम्ही तर रोज ते घेऊन वर जाता, आणि आता माझी एकुलती एक मुलगी तुमची वाट बघत खाली बसणार.

ठकीला सांगू नका मी विचारलं म्हणून. ती हसेल आणि म्हणेल, "आई, विश्वास ठेव." विश्वास ठेवायला माझी ना नाही. पण कळलं तर बरं वाटेल.

ठकीची आई

१६ फेब्रुवारी

आईंना नमस्कार,

तुमचं पत्र मी कामावर नेऊन वाचलं, म्हणजे ठकीला पत्ता लागणार नाही. माझी सहवैमानिक विचारत होती, कुणाचं प्रेमपत्र आहे. मी म्हटलं, सासूबाईंचं. तिला ते खरंच वाटेना.

खरं सांगू? विमान उडतं कसं, हे मला लोक विचारतच नाहीत. पगार किती, झोप कधी घेता, वर स्वच्छतागृहाचं काय, हे विचारतात. तुम्ही नेमकं विचारलंत याचा मला फार आनंद झाला.

एक प्रयोग करा. गाडीतून जाताना तळहात खिडकीबाहेर काढा, जमिनीला समांतर धरा. काही होणार नाही, नुसती हवा लागेल. मग अंगठ्याकडची कड किंचित वर उचला. हात आपोआप वर जाईल. तुम्ही नेत नाही, तो जातो. कारण तिरपा हात समोरून येणाऱ्या हवेला खाली वळवतो, आणि हवेला खाली ढकललं की तीही उलट हाताला वर ढकलते. पंखाचं एवढंच काम, येणाऱ्या हवेला खाली वळवायचं. पंखाच्या खाली हवेचा दाब जास्त असतो, वर कमी. खालून रेटा, वरून ओढ.

रुमाल पडतो कारण तो नुसता सोडलेला असतो. विमान कधीच नुसतं सोडलेलं नसतं, ते पुढे धावत असतं. इंजिनाचं काम विमानाला वर उचलायचं नाही, फक्त पुढे पळवायचं. उचलायचं काम हवेचं. आणि हवा आपल्याला वाटते तितकी पोकळ नाही. आमच्या वेगाने तिच्यात शिरलात तर ती चांगलीच घट्ट लागते.

पटलं नाही तर पुन्हा विचारा. न पटताच "हो हो" म्हणू नका.

तुमचा जावई

३ मार्च

जावईबापूंना आशीर्वाद,

माझ्याकडे गाडी कुठली? प्रयोग बसमध्ये केला. हात खरंच वर गेला! मी खूश होऊन पुन्हा खाली आणला, पुन्हा वर गेला. तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "आजी, हात आत घ्या, कुणाला टाटा करताय?" अख्खी बस हसली. मी हात आत घेतला, पण तोवर माझं काम झालं होतं.

मग वाचनालयातून मुलांचं एक पुस्तक आणलं. त्यात तुमच्याहून वेगळंच लिहिलंय. पंख वरून फुगीर असतो, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो. खालच्या हवेला मागच्या कडेशी त्याच क्षणी गाठायचं असतं, म्हणून वरची हवा जोरात पळते. मला हे काही पटलं नाही. वरच्या हवेने खालच्या हवेला असा काय शब्द दिलाय, की मागे एकत्रच भेटू? तुमच्या पुस्तकात यावर काय लिहिलंय?

आता खरी गंमत ऐका. मंगळवारी मी अजूनही तलावावर जाते, शिकवायला नाही, नुसती पोहायला. पाण्यात उभं राहायचं तर आम्ही तळहात आडवे धरून इकडून तिकडे फिरवतो, थोडे तिरपे ठेवून. लोण्यावरून सुरी फिरवावी तसे. खाली दाबत नाही, फक्त बाजूला नेतो. तरी माणूस छातीपर्यंत वर राहतो. इतकी वर्षं हे शिकवलं, पण का होतं ते माझ्या डोक्यात कधी आलं नाही. परवा हात फिरवता फिरवता थांबलेच. म्हटलं, अगं बाई, हे तर जावईबापूंचे पंख! आणि हात जरा जास्तच तिरपा केला, तर सगळा जोर जातो, नुसतं पाणी ढवळलं जातं, आणि माणूस बुडायला लागतो. विमानाचंही तसंच होतं का?

ठकीची आई

१५ मार्च

आईंना नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग सहवैमानिकेलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "या बाईंना आपल्या प्रशिक्षण वर्गात बोलवा."

पुस्तक चुकलंय, तुमची शंका रास्त आहे. वरच्या हवेने कुणाला काहीही शब्द दिलेला नाही. ती खरंच जोरात पळते, इतकी की खालच्या हवेच्या आधीच मागे पोचते आणि वाट बघत थांबत नाही. पण ही गोष्ट शाळेत मलाही अशीच शिकवली होती आणि मी परीक्षेत ती लिहून पूर्ण गुणही मिळवले होते.

आणि हो, विमानाचंही अगदी तसंच होतं. नाक जास्त वर उचललं, की पंखावरून जाणारी हवा पंखाला चिकटून राहत नाही, सुटते, भोवरे करते. उचल एकदम कमी होते. वैमानिकाला पहिल्या दिवसापासून हेच घोकवतात. अशा वेळी माणसाला वाटतं, पडतोय तर नाक अजून वर ओढावं. तेच करायचं नाही. नाक खाली करायचं, वेग घ्यायचा, हवा पुन्हा पंखाला धरते.

मला वाटायचं, सासूशी काय बोलायचं असतं? तब्येत, हवापाणी, झालं. आता मी तुमच्या पत्राची वाट बघतो.

खालच्या ओळी ठकीच्या आहेत. पकडलंय तिने मला.

"आई, तुम्हा दोघांचं हे कधीपासून चाललंय? मी घरात एकटी नकाशे काढत बसते आणि नवरा कामावर तुझी पत्रं वाचतो! असू दे. मीही एक गोष्ट तुझ्यापासून लपवून ठेवली होती, डॉक्टरांनी खात्री देईपर्यंत. तू आजी होणार आहेस. ऑक्टोबरात. येशील ना? तू हवीस मला."

२ एप्रिल

माझ्या दोन्ही लेकरांना,

ठकीच्या त्या चार ओळी वाचल्या आणि खाली बेकरीत जाऊन सगळ्यांना सांगून आले. बेकरीवाल्याने पाव फुकट दिला. आल्यावर रडले थोडी.

येईन, म्हणजे येईनच. पण जहाजाने. चौकशी केली आहे, पंधरवडा लागतो, सप्टेंबरात एक निघतं. हसू नका. जावईबापू, तुम्ही सगळं नीट समजावलंत आणि मला ते समजलंही आहे. पण समजणं वेगळं आणि आत जाऊन पट्टा बांधून बसणं वेगळं. पाण्यात पडले तर मी पोहेन. हवेत पडले तर काय करू?

ठकी, जड उचलू नकोस. आणि नवऱ्याची पत्रं चोरून वाचू नकोस, मागून वाच.

आई

२१ जून

आईंना नमस्कार,

पत्राला उशीर झाला, क्षमा असावी. ठकी बरी आहे. बाळाची खोली रंगवायला काढली आहे. आधी फिकट पिवळा लावला होता, तो आवडला नाही म्हणून खरवडून पांढरा लावतोय. छताला रंगाचे दोन हात लागतात. खिडकीची चौकट घासायची आहे. तुमची तब्येत चांगली असेल.

तुमचा जावई

५ जुलै

जावईबापूंना आशीर्वाद,

तुमचं पत्र मिळालं. तेवढंच का, म्हणून पान उलटून पाहिलं. मागे काही नव्हतं.

मे महिन्यात पाठवलेल्या माझ्या दोन पत्रांत मी तुम्हाला प्रश्नांनी भंडावून सोडलं होतं. ढगात गेल्यावर दिसतं कसं, विमान हादरतं तेव्हा काय होतं, वीज पडली तर. दिवसभर तेच काम करून घरी यायचं आणि सासूने पुन्हा तेच विचारायचं. कुणीही वैतागेल. चूक माझी. म्हातारपणी हाताला नवं खेळणं लागलं की भान राहत नाही.

का तुमचं आणि ठकीचं काही बिनसलंय? तिचं बोलणंही फोनवर तुटक वाटलं, पण माझे कान हे असे. ती जरा तडकफडक आहे, लहानपणापासून. रागावली तर तिला काही समजवायला जाऊ नका. थोडं एकटं सोडा, आपणहून येते.

दिवसभर खोली रंगवता, म्हणजे घरीच आहात का? सुट्टी आहे?

ठकीची आई

१८ जुलै

आईंना नमस्कार,

तुमचं काही चुकलेलं नाही. आमचं भांडणही नाही. तुम्ही माफी मागितलीत ते वाचून मला इतकी लाज वाटली, की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी दीड महिना उडालेलो नाही.

मे महिन्याच्या शेवटी, उड्डाण केल्या केल्या, एक पक्ष्यांचा थवा समोर आला आणि डावं इंजिन गेलं. आम्ही वळसा घेऊन परत उतरलो. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. कंपनीने पाठ थोपटली, सगळ्यांनी हात मिळवले. ठकीला मी म्हटलं, किरकोळ बिघाड होता.

पण उतरल्यावर मी दारात उभा होतो. लोक बाहेर पडत होते, कुणी आभार मानत होतं, कुणी रडत होतं. एक तरुण बाई थांबली. तिच्या खांद्यावर तान्हं बाळ होतं. ती म्हणाली, "हा झोपलाच होता हो. सगळा वेळ झोपला होता." आणि हसली. त्याच्या गालावर तिच्या स्वेटरच्या विणीचे वळ उठले होते. बस, एवढंच. मी गाडीपाशी गेलो आणि मला गाडीचं दार उघडता येईना. 

दोन दिवसांनी पुन्हा कामावर गेलो. कॉकपिटच्या दारापर्यंत पोचलो आणि पाय उचलेनात. मी सांगितलं, पाठीत उसण भरली आहे. तेव्हापासून पाठ दुखतेय. घरीही तेच सांगितलंय. ठकी गरम पाण्याची पिशवी आणून देते आणि मी ती पाठीला लावून पडतो. याच्याहून वाईट काही नसेल.

विमान कसं उडतं हे मला अजूनही सगळं ठाऊक आहे, आई. पण त्याचा काही उपयोग होत नाही.

हे ठकीला कळवू नका. तिला या दिवसांत त्रास नको.

तुमचा

२६ जुलै

अरे बाळा,

आज मला अहो-जाहो जमणार नाही. सासू म्हणून नाही, तलावावरची बाई म्हणून लिहितेय, आणि तिथे मी कुणालाही अहो म्हटलेलं नाही.

माझ्याकडे एक मुलगी होती, इथल्या बेकरीवाल्याची बहीण. सगळ्यांत चांगली पोहायची. एकदा खोल भागात तिच्या पोटरीत गोळा आला, नाकातोंडात पाणी गेलं. मी उडी मारून काढली. काहीही झालं नाही तिला. पुढे कित्येक दिवस ती वेळेवर यायची, पोहायचे कपडे घालायची, बाकावर बसायची आणि कपडे बदलून घरी जायची. घरी सांगायची, छान पोहले. केस नळाखाली ओले करून जायची.

मी तिला एकदाही म्हटलं नाही, की पाण्याला घाबरायचं कारण नाही. हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. शिवाय ते खोटंही होतं. पाण्यात माणसं बुडतात. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. मग दोघी काठावर बसलो, पाय पाण्यात सोडून. पाव फुगतो कसा, भट्टी किती तापवतात, एवढंच बोललो. आणि एक दिवस म्हटलं, "केस ओले करणं आधी बंद कर. घरी खरं सांग. बाकीचं आपण बघू." तेच तिला सगळ्यांत जड गेलं. पाण्यात उतरणं त्यामानाने सोपं होतं.

तुझी गरम पाण्याची पिशवी म्हणजे तिचे ओले केस, दुसरं काय?

ठकीला सांग. आजच. आणि कंपनीच्या डॉक्टरला पाठ दाखवू नकोस, खरं काय ते सांग. नोकरी गेली तर गेली. नकाशे काढून ती तुम्हाला पोसेल, आणि मी तिथे येऊन दोघांना पोहायला शिकवीन.

बाळाचा गाल बघून तुझे पाय गळाले, यात लाजण्यासारखं काय आहे? आत बसलेली माणसं तुला पहिल्यांदा एकेक करून दिसली. असा माणूस विमान चालवतो हे कळल्यावर मला तर आधीपेक्षा धीर आला.

आता माझं एक काम कर. एक प्रश्न मी फेब्रुवारीपासून मनात ठेवलाय. तुला वाईट वाटेल म्हणून विचारला नाही. इंजिन बंद पडलं तर काय होतं? मला नीट समजावून सांग, नेहमीसारखं. न पटताच हो म्हणणार नाही.

आई

१० ऑगस्ट

आई,

ठकीला सांगितलं. ती काय म्हणाली ते तीच लिहिणार आहे, मला लिहू देत नाही.

डॉक्टरांनाही सांगितलं. मला वाटलं होतं, ते कागदावर शिक्का मारून घरी पाठवतील. ते म्हणाले, "बसा. चहा घेणार?" असे बरेच येतात म्हणे त्यांच्याकडे. बहुतेक जण पाठच दुखते म्हणून सांगतात.

आता तुमचा प्रश्न. चार वेळा लिहायला बसलो आणि उठलो. आज पूर्ण करतो.

आम्ही नुकतीच जमीन सोडली होती, चाकं आत जात होती. समोर काळे ठिपके दिसले आणि कपाट जिन्यावरून गडगडत यावं तसा आवाज झाला. जळका वास. विमान थरथरायला लागलं आणि नाक डावीकडे वळायला लागलं, कारण उजवं इंजिन पुढे ढकलत होतं आणि डावं नव्हतं. माझा उजवा पाय आपोआप पेडलवर गेला, नाक सरळ आलं. सहवैमानिक म्हणाली, "डावं गेलं." मी म्हटलं, "दिसतंय." तेवढ्यात तिला शिंक आली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. एवढ्या गडबडीत ती मला "सॉरी" म्हणाली.

आणि विमान पडलं नाही, आई. चढत राहिलं. सावकाश, पण चढत राहिलं. एका इंजिनावर ते चढू शकतं, तसंच बांधलेलं असतं. इंजिन बंद पडल्याचं पंखाला कळतच नाही. त्याला फक्त समोरून येणारी हवा कळते. हवा येत असेल, तर तो उचलतो.

दोन्ही बंद पडली तर? उंचावर असू, तर विमान घसरत जातं, दगडासारखं पडत नाही. सायकल उतारावर पॅडल न मारता जाते ना, तसं. उंची खर्च करायची आणि वेग मिळवायचा. शंभरेक किलोमीटर जाता येतं, जागा शोधायला वेळ मिळतो. पण त्या दिवशी आम्ही फार खाली होतो. तिथे दोन्ही गेली असती तर कठीण होतं. तुम्ही बेकरीवाल्याच्या बहिणीला खोटं सांगितलं नाहीत, मीही तुम्हाला सांगणार नाही.

हे लिहिताना लक्षात आलं. त्या दिवशी जे जे करायला हवं होतं, ते सगळं मी केलं होतं. इतके दिवस मला फक्त तो गालच आठवत होता, स्वतःचा पाय पेडलवर होता हे आठवतच नव्हतं.

सोमवारपासून सिम्युलेटरवर बसणार आहे. म्हणजे जमिनीवर पाय रोवून उभं असलेलं खोटं कॉकपिट. डॉक्टर म्हणाले, तिथे भीती वाटली तर उत्तम, तिथेच वाटू दे.

मला तू म्हणालात ते परत घेऊ नका.

१० ऑगस्ट

आई,

मी त्याच लिफाफ्यात लिहितेय, तिकिटाचा खर्च वाचवते.

मला सगळं ठाऊक होतं. पाठीत उसण भरलेला माणूस बाळाचा पाळणा एकटा तीन मजले चढवून आणतो का? वर आल्यावर आठवण झाली, तेव्हा "आई गं" म्हणाला! मी स्वयंपाकघरात जाऊन हसले आणि मग तिथेच रडले. विचारलं असतं, पण वाटलं, विचारलं तर तो आणखी एक खोटं बोलेल. म्हणून पिशवी गरम करून देत राहिले. परवा त्याने सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, "पिशवीला भोक पडलंय, नवी आणावी लागली असती, बरं झालं सांगितलंस." तो बराच वेळ माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. बाळाने आतून त्याच्या कानावर लाथ मारली.

मी पोट धरून बसले आहे. पाय सुजलेत. तू हवीस.

ठकी

९ सप्टेंबर

माझ्या लेकरांनो,

जहाजाचं तिकीट परत केलं. ते वाटेत दुरुस्तीला थांबणार आहे म्हणे, ऑक्टोबर उलटून गेला असता. हे कारण सांगायला बरं आहे. खरं कारण असं, की तिकडे जावई रोज त्या खोट्या कॉकपिटात जाऊन खरा घाम गाळतोय, आणि मी इथे जहाजाच्या गोष्टी करतेय. मलाच कसंतरी वाटलं.

विमानाचं तिकीट काढलं. खिडकीजवळचं, पंखामागचं मागितलं. तिकीट देणारी मुलगी म्हणाली, "आजी, तिथून खालचं काही दिसत नाही, पंख आड येतो." मी म्हटलं, "मला पंखच बघायचाय."

आई

८ ऑक्टोबर, विमानात

बाळा,

हे पत्र पोस्टात पडणार नाही, तुझ्या हातातच देईन. हात मोकळे राहिले की खुर्ची घट्ट धरतात, म्हणून लिहीत बसले आहे.

तू पुन्हा उडायला लागलास हे ठकीने कळवलं. शेजारी परीक्षक बसला होता, आणि उतरल्यावर तू स्वच्छतागृहात जाऊन ओकलास, हेही कळवलं. तिच्या पोटात काही राहत नाही. माझ्या मते दोन्ही बातम्या चांगल्या आहेत.

धावपट्टीवर पळायला लागलो तेव्हा मी डोळे मिटणार होते. मिटले नाहीत, पंखाकडे बघत राहिले. आधी तो थोडा खाली झुकलेला होता, दमलेल्या हातासारखा. वेग वाढला तसा हळूहळू टोकापासून वर उचलायला लागला. वाकला रे, चक्क वर वाकला! आणि मग आम्ही उचललो गेलो. तेव्हा मला दिसलं. सत्तर टन त्या दोन पंखांना लटकलेत आणि हवा पंखांना उचलून धरतेय. तू सांगितलेलं सगळं मला पटलं होतं, पण आज ते डोळ्यांनी पाहिलं.

तरी भीती गेली नाही, हेही सांगते. हातापायांना घाम आहे. शेजारचे गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपलेत, त्यांचा मला फार हेवा वाटतो.

नंतर. मघाशी मोठा घोटाळा झाला. खाली यायला लागलो आणि पंखाच्या मागच्या कडेतून फळ्याच बाहेर यायला लागल्या! घरघर करत, एकामागून एक. मला वाटलं, पंख सुटला. मी बटण दाबून हवाईसुंदरीला बोलावलं. ती बिचारी माझ्या कानाशी ओरडून सांगायला लागली, की उतरताना वेग कमी करायचा असतो. कमी वेगात उचल पुरावी म्हणून पंख मोठा आणि जास्त बाकदार करतात. तिच्या ओरडण्याने ते गृहस्थ जागे झाले आणि घाबरले. मग त्यांना मी समजावलं. पण हे तू मला आधी का नाही सांगितलंस? भेटल्यावर कान धरणार आहे.

खाली घरं दिसतात. पट्टा बांधायला सांगताहेत. आता बंद करते.

८ ऑक्टोबर

आई,

हे पत्र देणारी बाई माझी सहवैमानिक आहे. शिंकणारी तीच. तुम्हाला न्यायला मी येऊ शकलो नाही, ती थेट इस्पितळात आणेल. सामानाची काळजी करू नका, तीच उचलेल, तुम्ही फक्त चला.

काल संध्याकाळपासून ठकीला कळा सुरू झाल्या. आठ-दहा दिवस आधीच. तुम्ही तोवर घरून निघाला होतात. तिने एकच धोशा लावला, "आई कुठे आहे?" सकाळी म्हटलं, विमानतळावर बसली असेल. मग कळा वाढल्या. दर कळेला माझा हात पिळायची आणि विचारायची, "आता कुठे आहे?" मी घड्याळ बघायचो आणि सांगायचो. आता धावतेय. आता उचलली. आता वर चढतेय, थोडं हादरेल, मग शांत होईल. ढगांच्या वर आली आहे, तिथे ऊन आहे. आता समुद्रावर आहे. तिने विचारलं, "घाबरली असेल का?" मी म्हटलं, "असेल. पण बसली आहे." तेव्हा ती म्हणाली, "मग मीही बसते," आणि दात-ओठ खाऊन उठून बसली.

तुम्ही समुद्रावर असताना मुलगी झाली.

दोघी छान आहेत. मुलीला काळंभोर जावळ आहे आणि आवाज असा, की तुम्हालाही ऐकू येईल. मी तिला हातात घेतलं. बराच वेळ खाली ठेवली नाही.

ठकी ग्लानीत होती. हे पत्र लिहीत मी तिच्या उशाशी बसलोय. सहवैमानिक खाली गाडीत थांबली आहे, निघायची घाई करतेय. आत्ताच ठकीने डोळे उघडले आणि पुन्हा विचारलं, "आई कुठे आहे?" मी घड्याळ बघितलं. म्हटलं, "खाली यायला लागली असेल."

ती हसली. म्हणाली, "तिला सांग, सावकाश उतर. आम्ही जागे आहोत."